एका गणिताला दीड तास

शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात ७५ प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा पेपर दोन दिवस चालतो, रोज साडेचार तास, आणि रोज गणितं फक्त तीन. म्हणजे एका गणिताला दीड तास.

आपल्याकडे गणितात पुढे असलेलं मूल आठवी-नववीपर्यंत फक्त ७२ सेकंदांच्या हिशेबाने वाढतं. त्याला पहिल्या वाचनातच उत्तर दिसतं, सगळे कौतुक करतात, आणि एका गणितापाशी पाऊण तास काहीही न सुचता बसायची वेळच त्याच्यावर येत नाही. मग एके दिवशी खरंच अवघड गणित समोर आलं की तेच मूल पाच मिनिटांत वही मिटतं. अशा मुलांचं विशेष अध्यापन म्हणजे माझ्या लेखी मुलाला अडकायला शिकवणं. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी संपवणं हा त्याचा अगदी छोटा भाग आहे, आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत तो गरजेचाही नसतो.

आधी ही मुलं ओळखायची कशी ते बघू, कारण इथेच सर्वांत जास्त गफलत होते. पाढे तोंडपाठ, मोठमोठे गुणाकार मनातल्या मनात, अबॅकसच्या लेव्हल पूर्ण, हे सगळं चांगलंच आहे, पण ही गणिती प्रतिभेची खूण नव्हे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ क्रुतेत्स्की यांनी शाळकरी मुलांच्या गणिती क्षमतेचा अनेक वर्षं बारकाईने अभ्यास केला होता. हिशेबाचा वेग आणि आकड्यांची स्मरणशक्ती या गोष्टी त्यांनी गणिती क्षमतेच्या आवश्यक घटकांत धरल्या नाहीत. त्यांना महत्त्वाचं वाटलं ते हे: एक-दोन उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम पकडणं, विचाराच्या मधल्या पायऱ्या आपोआप गाळल्या जाणं, आणि उलट दिशेने विचार करता येणं.

वर्गात हे असं दिसतं. मूल विचारतं, ‘हे नेहमीच होतं का?’ गणित सुटल्यावरही ते सोडत नाही, ‘तीनाच्या जागी पाच असते तर?’ असं स्वतःच पुढे नेतं. पायऱ्या लिहायला कंटाळतं, कारण त्याला त्या वेगळ्या दिसतच नाहीत. महिन्याभरापूर्वीच्या गणितातले आकडे ते विसरलेलं असतं, पण ‘हे त्या जिन्याच्या गणितासारखंच आहे’ हे त्याला बरोबर आठवतं. यातली बरीच मुलं वर्गात पहिल्या पाचात नसतात. काहींचं अक्षर वाईट असतं, काही आकडेमोडीत सतत चुकतात, काहींना वाचन-लेखनाची अडचण असते आणि त्या अडचणीखाली गणित झाकलं जातं. म्हणून निवड करताना नुसते गुण बघू नका. चार-पाच अनोळखी गणितं द्या, एक तास द्या, आणि उत्तरापेक्षा कच्चं काम वाचा.

आता प्रत्यक्ष तास. आठवड्यातून एकदा, दोन तास, आठ ते बारा मुलं. बारापेक्षा जास्त झाली की शिक्षकाला प्रत्येकाचं म्हणणं ऐकता येत नाही, आणि ऐकणं हेच तर काम आहे. शिक्षकाबरोबर एक मदतनीस असावा. गणित विषय घेऊन शिकणारा कॉलेजचा विद्यार्थी उत्तम. पाचवी ते सातवी एक गट, आठवी ते दहावी दुसरा. वह्या कोऱ्या पानांच्या, रेघा नसलेल्या. खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, कारण टाकून दिलेला प्रयत्न पंधरा मिनिटांनी पुन्हा लागतो आणि तेव्हा तो वाचता आला पाहिजे.

अशा एका दोन तासांच्या बैठकीला पाच गणितं पुरतात. पहिलं असं की प्रत्येकाला हात घालता यावा. मधली तीन चढत्या अडचणीची. पाचवं त्या दिवशी सुटू नये असंच निवडायचं. ते दोन-तीन आठवडे मुलांच्या डोक्यात राहू द्यावं. पहिला तासभर मुलं एकेकटी किंवा जोडीने काम करतात, मग दहा मिनिटं सुट्टी, मग फळ्यावर चर्चा. शेवटची वीस मिनिटं लिहिण्यासाठी राखून ठेवायची. ही वीस मिनिटं चर्चेच्या भरात हमखास खाल्ली जातात आणि तीच सर्वांत महाग असतात.

कसलं गणित द्यायचं, याचं एक उदाहरण नीट उलगडून दाखवतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिक्षक होते. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर हेच करत राहा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. ही गंमत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, मुलं ‘वा!’ म्हणतात आणि विषय संपतो. खरा विषय तिथून सुरू व्हायला हवा.

पाचवी ते सातवीच्या गटाला चार नव्हे, तीन अंकांपासून सुरुवात करू द्या. ७३१ घेतलं तर ७३१ − १३७ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि पुन्हा ४९५. दहा मिनिटं प्रत्येकाने आपापल्या संख्या घेऊन नुसतं करून बघायचं. इथे एक हमखास अडचण येते. कोणीतरी १०० किंवा २११ घेतो, वजाबाकी ९९ येते, मग तो ९९ − ९९ = ० करतो आणि जाहीर करतो की नियम खोटा आहे. त्याला लगेच सुधारू नका. वर्गात ‘४९५’ आणि ‘शून्य’ असे दोन पक्ष पडू द्या. मुलं स्वतःच म्हणतात की तीन अंकी खेळ आहे तर ९९ ला ०९९ लिहायला हवं. मग ९९० − ०९९ = ८९१, आणि गाडी पुन्हा चालू. नियम आधी नीट ठरवावा लागतो, हे मुलांना इथे स्वतःच्या भांडणातून कळतं.

मग विचारायचं, ‘आलेल्या उत्तरांत काही दिसतंय का?’ कोणाला दिसतं की मधला अंक कायम ९ आहे. कोणाला दिसतं की कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ आहे. ‘का?’ हा प्रश्न विचारून शिक्षकाने गप्प बसायचं. सातवीच्या आसपासचं मूल अक्षरं वापरून लिहू शकतं. सर्वांत मोठा अंक अ, मधला ब, लहान क. मग (१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९ × (अ − क). मधला अंक उडालाच! म्हणजे तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्या, पहिल्याच वजाबाकीनंतर फक्त नऊ शक्यता उरतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. त्या नऊ तपासल्या की झालं. ०९९ वरून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४, ४९५. १९८ जाते ७९२ कडे, २९७ जाते ६९३ कडे, ३९६ जाते ५९४ कडे. सिद्धता पूर्ण, आणि जास्तीत जास्त सहा वजाबाक्या लागतात हेही हातात आलं. नऊशे संख्या तपासण्याचं काम नऊवर आलं, याचा आनंद दहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसतो.

इथून गणित अनेक दिशांना फुटतं. दोन अंकांना काय होतं? ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. इथे थांबणं नाहीच, पाच संख्यांचा फेरा आहे. चार अंकांना, उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर, उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) असं येतं आणि ५४ शक्यता उरतात. गटात नऊ मुलं असतील तर प्रत्येकाला सहा वाटून द्या, एका तासात ६१७४ ची सिद्धता वर्ग मिळून पूर्ण करतो. पाच अंकांचं काय होतं, हा प्रश्न त्या दिवशीचं पाचवं गणित म्हणून घरी जाऊ द्या.

एवढं सविस्तर सांगितलं कारण चांगल्या गणिताचे सगळे गुण यात आहेत. सुरुवात करायला वजाबाकी पुरते, मधे खरा पेच आहे, सिद्धता मुलाच्या आवाक्यात आहे आणि पुढचा प्रश्न मूल स्वतः विचारू शकतं. नवीन गणित निवडताना हे चार निकष लावून पाहा. नुसती युक्ती असलेलं गणित, म्हणजे सुचलं तर एका ओळीत सुटतं आणि नाही सुचलं तर काहीच करता येत नाही असं, महिन्यातून एखादं ठीक आहे. रोज तेच दिलं तर मुलांना वाटायला लागतं की गणित म्हणजे ‘ट्रिक माहीत असणं’.

सूचना कधी द्यायची? मूल अडकलं म्हणजे काय, हे आधी बघा. पेन्सिल चालू असेल, तर ते अडकलेलं नाही. किमान वीस मिनिटं काही बोलू नये. मग पहिला प्रश्न, ‘तू काय काय करून पाहिलंस?’ निम्म्या वेळा सांगता सांगताच वाट सापडते. नाही सापडली तर, ‘याचं छोटं गणित करून बघ’, म्हणजे शंभराच्या जागी तीन किंवा चार. तरीही नाही, तर त्याच्याच वहीतली एक ओळ दाखवून ‘इकडे परत बघ’. पद्धत सांगायची नाही. शिक्षकाला स्वतःचं सुंदर उत्तर सांगायचा मोह फार होतो, आणि ते एकदा सांगितलं की मुलाचं अर्धवट पण स्वतःचं उत्तर कायमचं मरतं. सगळ्यांनी आपापली उत्तरं मांडल्यावर शेवटी आपलं मांडावं.

लिहिण्याबद्दल. ही मुलं बोलताना बरोबर असतात आणि कागदावर तीन शब्द लिहितात. ‘स्टेप्स लिही, मार्क जातील’ असं म्हटल्याने काही होत नाही. लिहायचं कोणासाठी, हे त्यांना दिसलं पाहिजे. म्हणून वही शेजाऱ्याला द्यायची आणि शेजाऱ्याचं काम एकच, हरकत घेणं. समजा गणित असं आहे: तीन लागोपाठच्या संख्यांच्या गुणाकाराला ६ ने भाग जातो हे सिद्ध करा. मूल लिहितं, ‘एकीला तरी २ ने भाग जातो, एकीला ३ ने, म्हणून ६ ने.’ हरकत घेणारा विचारतो, ‘२ ने आणि ३ ने जातो म्हणजे ६ ने जातोच कशावरून? १२ ला ४ ने जातो, ६ ने पण जातो, २४ ने कुठे जातो?’ आता पहिल्याला मसावि १ असण्याचं महत्त्व स्वतःहून कळतं आणि तो एक ओळ वाढवतो. त्या एका ओळीसाठी शिक्षकाने दहा वेळा फळ्यावर सांगितलं असतं तरी ते इतकं पक्कं झालं नसतं.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. एक-दोन वेगवान मुलं उत्तर ओरडतात आणि बाकीच्यांचं गणित संपतं. उपाय सोपा आहे. उत्तर चिठ्ठीवर लिहून शिक्षकाकडे द्यायचं, आणि बरोबर असेल तर शिक्षकाने ‘आता हे का होतं ते लिही’ एवढंच म्हणायचं. दुसरी अडचण जास्त गंभीर. दहा मुलांत एकच मुलगी असेल तर ती चार-सहा आठवड्यांत गप्प होते आणि मग यायची थांबते. तिला गणित येत नाही म्हणून नव्हे, तर चुकीचं उत्तर बोलून दाखवण्याइतकं तिथे मोकळं वाटत नाही म्हणून. गट करतानाच किमान तीन-चार मुली असतील असं बघा, आणि जागा भरण्यासाठी नव्हे, शोधून आणा. शाळेतल्या बाईंना विचारलं की त्या नावं सांगतात.

तिसरी अडचण रडण्याची. कायम पैकीच्या पैकी मिळवणारं मूल पहिल्या महिन्यात हमखास रडतं किंवा पोट दुखतं म्हणतं. ‘तू किती हुशार आहेस’ हे ऐकत वाढलेल्या मुलाला न सुटलेलं गणित म्हणजे हुशारी गेल्यासारखं वाटतं. पालकांना आधीच सांगून ठेवा की महिनाभर घरी येऊन मूल ‘मला काही येत नाही’ म्हणेल. त्या वेळी ‘अगं, तू तर स्कॉलर आहेस’ म्हणू नका. ‘आज कुठपर्यंत पोहोचलीस, मला दाखव’ म्हणा, आणि खरंच बघा. रात्री व्हॉट्सॲपवर उत्तर मागवून किंवा मोबाइलवर शोधून मुलाला सांगू नका. न सुटलेलं गणित घरात तसंच राहिलं तर काही बिघडत नाही.

पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधी करावा का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. काही मुलांना खरंच त्याची गरज असते. पण त्याआधी एक तपासणी करा: ३/४ भागिले २/५ करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे मूल चित्र काढून किंवा स्वतःच्या शब्दांत समजावून सांगू शकतं का? ऋण गुणिले ऋण धन का? ‘नियम आहे’ असं उत्तर आलं तर पुढे पळवू नका. अपूर्णांक आणि संख्यांचे गुणधर्म कच्चे ठेवून सहावीत वर्गसमीकरणं करणारी मुलं नववीत भूमितीच्या सिद्धतेपाशी अडतात. आयआयटीच्या नावाने सहावीपासून चालणाऱ्या फाउंडेशन वर्गांवर माझा आक्षेप हाच आहे. तिथे विषय पुढचा असतो, घड्याळ मात्र तेच ७२ सेकंदांचं.

शाळेतल्या शिक्षकांना वेगळा तास घेणं जमत नसेल, तरी दोन गोष्टी विनाखर्च करता येतात. स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच उदाहरणं आधी द्या. ती बरोबर आली तर उरलेली वीस माफ, आणि त्या वेळात वेगळं गणित. आणि लवकर आटोपलेल्या मुलाला कायम दुसऱ्यांना शिकवायला बसवू नका. कधीतरी ठीक आहे, पण त्याचाही शिकायचा हक्क आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गती असलेल्या मुलांसाठी गणित मंडळांचा उल्लेख आहे, तेव्हा मुख्याध्यापकांकडे परवानगी मागताना तो दाखवता येईल.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. ‘ऑलिम्पियाड’ नावाच्या बऱ्याच खासगी परीक्षा शाळांतून होतात. त्या बहुपर्यायी असतात आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडशी त्यांचा संबंध नसतो. खरा मार्ग आयओक्यूएम या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेपासून सुरू होतो: तीन तास, तीस प्रश्न, उत्तरं पूर्णांकात. पुढे आरएमओ ही विभागीय फेरी, तीन तासांत सहा गणितं, सिद्धतेसह. मग आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, आणि त्यातून निवडलेल्या मुलांचं शिबिर, मुंबईतल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतो, १९९६ ची स्पर्धा मुंबईत झाली होती, आणि २०२४ साली इंग्लंडमधल्या बाथ इथे चार सुवर्णपदकांसह भारत चौथा आला. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. तिथली बीएमटीएससी ही गणित प्रतिभा शोध स्पर्धा पाचवी-सहावीसाठी आहे आणि या वयाच्या मुलासाठी चांगली सुरुवात ठरते. पण स्पर्धेत न उतरणारं मूलही या सगळ्याला तितकंच पात्र आहे. वेळेच्या दडपणाखाली ज्यांचं डोकं चालत नाही, अशा कितीतरी मुलांना गणित मनापासून आवडतं आणि पुढे ती उत्तम गणित करतात.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक काळजी घ्या. सहावीपासूनच मूळ संख्येबरोबर प्राइम नंबर, लसाविबरोबर एलसीएम, सिद्धतेबरोबर प्रूफ असे दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहायची सवय लावा, कारण पुढचं साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे. विचार मात्र मराठीतच करू द्या. फळ्यासमोर वाद घालताना मूल ज्या भाषेत सहज बोलतं तीच त्याची गणिताची भाषा असते.

शेवटी एक वेळ अशी येते की मूल शिक्षकाच्या पुढे जातं. साधारण नववीच्या सुमाराला हे घडू शकतं, आणि शिक्षकाने ते ओळखायला हवं. त्या वेळी जवळच्या कॉलेजातल्या किंवा विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकांना लिहा. महिन्यातून एक तास मागा, जास्त नको. पत्रासोबत गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं जोडू नका. मुलाने स्वतः लिहिलेल्या दोन सिद्धता आणि ज्याच्यावर ते अजून अडलेलं आहे असं एक गणित, तिन्ही त्याच्या अक्षरात, एवढंच पाठवा.